डब्यावरचं नाव

ब्रेमेन, जर्मनी
९ सप्टेंबर २०२५

नवसाबाईंना छायाचा नमस्कार.

अक्षर एवढं मोठं का, म्हणून आरोही हसेल. हसू दे. चश्म्याशिवाय लिहिते आहे, ओळ वर चालली की खाली ते मला दिसत नाही. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही. मागच्या वेळी मी "पोचले" म्हटलं तर तुम्ही "कोणाला टोचलं?" म्हणून विचारलंत. त्यापेक्षा कागद बरा. वैष्णवी याचा फोटो काढून तुमच्या सुनेच्या फोनवर धाडेल. आरोहीनं तो तुमच्या कानाशी मोठ्यानं वाचावा.

मी बरी आहे. वैष्णवी आणि रोहित दोघं कामाला जातात. घर लहान पण उजेडाचं आहे. खाली एक झाड आहे, त्याला अजून पानं आहेत. दिवसभर मी वाचते. म्हणजे परवापर्यंत वाचत होते.

बातमी चांगली नाही. ह्यांचा चश्मा हरवला आणि त्याबरोबर तुमचा डबाही. निघताना तुम्ही खुरासणीची चटणी भरून दिली होती, तो लांबोडका, दोन्हीकडून कडीचा. चटणी जावयांनी आठवड्यात संपवली. चश्म्याचं घर विमानातच मोडलं होतं. म्हणून मी डबा धुऊन त्यात रुमाल अंथरला आणि चश्मा ठेवायला लागले. परवा वैष्णवीबरोबर ट्रामनं बाजाराला निघाले. ट्राम म्हणजे रस्त्यातून चालणारी छोटी आगगाडी. मी वाचत होते. मग वाचणं पुरे म्हणून चश्मा डब्यात ठेवला, डबा शेजारी सीटवर ठेवला. बाहेर एक बाई शेवंती विकत होती, कुंडीसकट. आपल्याकडं ही शेवंती मार्केटात कोणी उचलणार नाही, एवढी खुरटी. तेवढ्यात वैष्णवी म्हणाली, आई, उतर. मी पिशवी उचलली आणि उतरले. गाडी निघून गेल्यावर हात पिशवीत घातला.

तुम्हाला माहीत आहे, आमच्या दोघांत चश्मा एकच. सकाळी पेपर ते वाचायचे, दुपारी फुलं बांधून झाली की मी. काडी मोडली तेव्हा त्यांनी पाण्याच्या मोटारीच्या वाइंडिंगमधली तांब्याची तार गुंडाळली होती. ती तार कानामागं टोचते. टोचली की मला वाचायला बसल्यासारखं वाटतं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तार अजून टोचायची.

वैष्णवी म्हणाली, "उद्याच नवा करू." मी म्हटलं, नवा नको, मला तोच पाहिजे. जरा जोरातच म्हटलं असेन, कारण समोरचा म्हातारा वळून बघायला लागला. मग तीच म्हणाली की इथं हरवलेल्या वस्तूंची एक कचेरी असते, सुट्टी मिळाली की जाऊ. डब्यावर तुमचं नाव घातलेलं आहे, तेव्हा शोधायला सोपं जाईल.

तुमचा डबा गेला याचं वाईट वाटतं. मिळाला नाही तर भांडी बाजारातून अगदी तसाच आणून देईन.

तुमची
छाया


मखमलाबाद, नाशिक
१४ सप्टेंबर

छायाबाईस नवसाबाईचा आशीर्वाद.

(काकू, मी आरोही लिहिते आहे. सासूबाई सांगतील तसंच लिहायचं, एक शब्द इकडचा तिकडं करायचा नाही, अशी ताकीद आहे. कंसातलं तेवढं माझं.)

तुझं पत्र आरोहीनं कानात ओरडून वाचलं. मला निम्मं ऐकू आलं आन कुंपणापलीकडच्या भागीबाईला सगळं ऐकू आलं. आता सगळ्या आळीला ठाऊक हे, का छायाबाई जर्मनीत डबा इसरली. काल एक जण विचारू राहिली, डब्यात सोनं व्हतं का?

डब्याचं काय घेऊन बसली. तुझाच डबा व्हता तो. निघताना बी तुला म्हणले व्हते. गेला तं गेला. बाजारातून नवा बिवा आणायचा नाय.

चश्म्याचं मात्र वंगाळ झालं. एक बोलते, राग धरू नको. लहानू भावजी गेले तव्हा तू त्यांचा सदरा ठेवला नाय, चपला ठेवल्या नाय, चांगलं घड्याळ व्हतं ते बी भाच्याला देऊन टाकलं. मी मनात म्हणले, बाई लय घट्ट हे. आता कळलं तू काय ठेवलं व्हतं ते.

पण लेकीवर डाफरू नको. तिचा बी बाप गेलाय. तुला इथं आमच्यापाशी भावजींचं बोलता येतं, तिला तिथं कोणाशी बोलायचं? ती म्हणते तं नवा चश्मा कर. जुना सापडला तं दोन व्हतील. कान दोन हे तं चश्मे दोन असू नये का? (मी सांगितलं की चश्मा डोळ्यांसाठी असतो. "लिही," म्हणाल्या.)

तुझा झेंडू बरा हे. पाऊस उघडला तं दसऱ्याला चांगला भरेल. आमचं म्हातारं रोज सकाळी तुझ्या वावरात जाऊन उभं राहतं आन आमच्या वावरातलं तण तसंच राहतं. पितराला भावजींचं पान आम्ही वाढू. त्यांना आवडायची ती आळूची वडी भागीबाई करणार हे. तू तिथं जीवाला खाऊ नको.

नवसाबाई


ब्रेमेन
२० सप्टेंबर

नवसाबाईंना नमस्कार.

अक्षर अजून मोठंच आहे. नवा चश्मा करायला टाकला आहे, यायला वेळ लागेल. तुमचं ऐकलं, म्हणून आधी तेच सांगितलं. आता क्रमानं सांगते.

कचेरीत जाऊन आलो. खिडकीमागं पांढऱ्या दाढीचा एक उंच माणूस होता. आमचं सगळं त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. वस्तूवर काही नाव आहे का, म्हणून विचारलं. वैष्णवीनं आहे म्हटल्यावर त्याचा चेहराच उजळला. ज्या वस्तूवर नाव असतं ती तिथं वेगळ्या मांडणीत, आडनावाच्या अक्षरानं लावलेली असते. त्यानं आपलं आडनाव पिंगळे बघितलं. नवसाबाई बघितलं. दादांचं नाव, बारकू, तेही बघितलं. नव्हतं.

मग त्यानं आम्हाला बिननावाच्या वस्तू बघायला आत नेलं. छत्र्या तर किती होत्या. एका हाताचे हातमोजे, एक सारंगीसारखं वाद्य, लहान मुलाचा एक बूट. आणि एक कवळी. स्टीलचा डबा एकही नव्हता. ट्राममध्ये माणूस दात कसे विसरतो, यावर परत येताना आम्ही दोघी इतक्या हसलो की वैष्णवीला ठसका लागला. हे गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र अशा हसलोच नव्हतो. घरी आल्यावर मात्र ती आपल्या खोलीत गेली आणि मी खिडकीशी बसले. हातात पुस्तक घेतलं आणि परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती मला डोळे तपासायला घेऊन गेली. तपासणाऱ्या बाईनं हातातल्या काचा बदलत बदलत विचारलं की तुम्ही आजवर कोणत्या नंबरनं वाचत होता. मी आठवून सांगितला. ती म्हणाली, म्हणजे किती वर्षं तुम्ही चुकीच्या चश्म्यानं वाचताय. मी म्हटलं, चुकीचा नव्हता, दुसऱ्याचा होता. वैष्णवीनं ते तिला सांगितलंच नाही.

वाटेत म्हणाली, "आई, बाबा त्या काचांत नाहीत गं."

"नाहीत," मी म्हटलं. "पण चाळिशी लागल्यापासून मी जे काही वाचलं, ते सगळं त्यांच्या काचांतून वाचलं. ते ट्रामच्या सीटवर पडलंय."

माझी पिशवी तिनं घेतली.

आता एक विचारते. डब्यावर तुमचंच नाव आहे ना? त्यावर ठिपक्याठिपक्यांनी काहीतरी बारीक कोरलंय, एवढं धुताना बोटाला लागायचं. वाचलं कधीच नाही. वाचायला चश्मा लागतो आणि चश्मा डब्यात. आपल्या आळीत डबे कसे फिरतात ते तुम्हाला सांगायला नको. माझ्याकडं भागीबाईंची परात आहे आणि माझं पातेलं कुणाकडं आहे ते मला आठवत नाही. वैष्णवीनं हे त्या दाढीवाल्याला समजवायचा प्रयत्न केला. आमच्याकडं भांड्यावर नाव एकाचं असतं, भांडं दुसऱ्याच्या घरात असतं आणि आतला पदार्थ तिसऱ्यानं दिलेला असतो. त्यानं स्वतःचा चश्मा काढून पुसला आणि म्हणाला, ज्याचं नाव त्याची वस्तू, मला एवढंच कळतं. बरोबर नाव घेऊन या, मी परत शोधतो.

तेव्हा घरच्या मांडणीवर बघा, आळीत विचारा. दिवाळीआधी मला परत यायचं आहे. माझ्यामागं वैष्णवी कचेरीत खेपा घालील असं नाही, तिला सुट्टी मिळत नाही. मी इथं आहे तोवर सापडला तर सापडला.

छाया


मखमलाबाद
२४ सप्टेंबर

छायाबाईस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आन घरात दिवाळीआधी दिवाळी झाली. आरोहीनं सगळी मांडणी खाली काढली. आमच्याकडं भागीबाईच्या नावाची दोन पातेली निघाली. ती रोज आळीभर सांगत फिरते का माझी पातेली गेली, आन रोज आमच्याकडून त्याच पातेल्यात ताक नेते. एका तांब्यावर मल्हारी गुरव निघाला. तो कोण ते कोणालाच ठाऊक नाय. (तांब्या घासून परत ठेवला आहे. मल्हारी गुरव आले तर देऊ.)

आता नीट ऐक. मी तुला पत्रात बी सांगितलं आन निघताना बी सांगितलं, का तुझाच डबा हे. तू समजली मी मानपान करू राहिली. "तुमचंच हे, तुमचंच हे" म्हणायला आपण काय गंगापूर रोडच्या बंगल्यातल्या हे? डबा खरंच तुझा हे. त्याच्यावर माझं नाव नाय. मला वाचता येत नाय, पण डबा वळखता येतो.

आरोही वाचत व्हती तव्हा आमचं म्हातारं भिताडाला टेकून ऐकत व्हतं. उठलं आन म्हणलं, त्या डब्यावरचं नाव मला ठाऊक हे. आता पुढचं ते सांगतंय.

(काकू, इथून मामंजी बोलले. ते थांबत थांबत बोलतात, म्हणून मी माझ्या शब्दांत लिहिते. त्यांचं आणि लहानूकाकांचं बोलणं मात्र जसंच्या तसं आहे. मी दोनदा विचारून घेतलं.

वैष्णवीताई झाल्या तेव्हा तुम्ही माहेरी, सटाण्याला होतात. लहानूकाका आणि मामंजी जिलबी आणायला नाशकात गेले. वाटेत भांडी बाजारात काकांनी हा डबा घेतला. दुकानाच्या पायरीवर नावं घालणारा बसलेला होता. त्यानं विचारलं, नाव काय घालू? काका बोलेनात. थोरल्या भावासमोर बायकोचं नाव कसं घ्यायचं? शेवटी त्यांनी खिशातून बसचं तिकीट काढलं, त्याच्या मागं लिहिलं आणि त्या माणसाच्या हातात दिलं. मामंजींनी वाकून वाचलं. त्यावर होतं, ठमा लहानू.

मामंजी म्हणाले, "अरे, तिचं नाव छाया ठेवलंय ना? तांदळाच्या ताटात तूच लिहिलं."

काका म्हणाले, "आईनं सांगितलं ते लिहिलं, दादा. पण ती आली तव्हा ठमाच व्हती. ते नाव कुठं तरी राहू दे."

आता पुन्हा सासूबाई.)

मग डबा जिलबी भरून आमच्याकडं आला. मी रिकामा करून परत द्यायला निघाले तं भावजी वाटंतच भेटले. म्हणले, असू द्या वहिनी, घरात आईच्या डोळ्यांपुढं नको. आपली सासू कशी व्हती ते मी तुला काय सांगू? मग त्या डब्यात झेंडूचं बी राहायला लागलं. मग सासू गेली. तोवर आम्ही बी इसरून गेलो. तू जायची निघाली तव्हा चटणी भरायला हाताला तोच आला. मी म्हणले, बरं झालं, ज्याचं त्याला गेलं. भावजींनी तुला कधी तरी सांगितलं असंल असंच मला वाटलं.

सांगितलं नव्हतं का?

(काकू, सासूबाई इथंच थांबल्या. मामंजी बाहेर गेले आहेत. मी एवढंच लिहिते: "ठमा लहानू" म्हणून विचारा. डब्यावर आडनाव नाही.)

नवसाबाई


मखमलाबाद
३० सप्टेंबर

काकू, ही चिठ्ठी माझी मीच लिहिते आहे.

फोनवर दोन निळ्या खुणा दिसतात, म्हणजे वैष्णवीताईंनी पत्र उघडलं आहे. पण तुमच्याकडून काहीच नाही. इकडं दसऱ्याच्या झेंडूची तोडणी चालू आहे, कोणाला श्वास घ्यायला सवड नाही, तरी सासूबाई रोज टोपली डोक्यावर घेण्याआधी विचारतात, आलं का? नाही म्हटलं की मामंजींकडं बघतात आणि म्हणतात, यांनी नको ते उकरून काढलं. मामंजी म्हणतात, मी काय खोटं बोललो? दोघं एकमेकांशी बोलायचे थांबले आहेत. सासूबाईंना काय निरोप द्यायचा तो मामंजी मला सांगतात, मी तो त्यांच्या कानात ओरडते, आणि त्या उत्तर मला देतात. माझा घसा बसला आहे.

एका ओळीचं तरी लिहा. राग आला असेल तर राग आला म्हणून लिहा.

आरोही


ब्रेमेन
४ ऑक्टोबर

नवसाबाईंना आणि दादांना छायाचा नमस्कार.

आधी भांडण मिटवा. दादांनी नको ते काढलं नाही. राग कोणाचाच आलेला नाही. आरोहीनं गरम पाण्यात हळद घालून गुळण्या कराव्यात.

उत्तर का दिलं नाही ते सांगते. माझा नवा चश्मा आलेला नव्हता, म्हणून तुमचं पत्र वैष्णवीनं वाचून दाखवलं. बसच्या तिकिटापाशी आली आणि थांबली. मला म्हणाली, "आई, ही ठमा कोण?"

मी म्हटलं, "मी."

तिनं फोन खाली ठेवला. तिला माहीतच नव्हतं. कोण सांगणार? त्या नावानं हाक मारणारी माझी आई, ती वैष्णवी लहान असतानाच गेली. भाऊ ताई म्हणतो. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहिलं तेव्हा मला वाचता येत नव्हतं. बायकांनी मोठ्यानं वाचलं, छाया, आणि मी ते ऐकून घेतलं. नंतर वैष्णवीच्या पहिलीच्या पुस्तकावरून मी अक्षरं शिकले तेव्हा पहिलं नाव छायाच लिहिलं. ठमा मी कधी लिहून बघितलंच नव्हतं.

वैष्णवी म्हणाली, चल, लगेच कचेरीत जाऊ. मी नको म्हटलं. खरं सांगते, मला भीती वाटली. तोवर माझा नुसता चश्मा हरवला होता. आता त्याच्याबरोबर आणखी एक वस्तू हरवली होती, आणि ती माझ्याजवळ होती हे मला हरवल्यावर कळलं होतं. जाऊन विचारायचं आणि तो माणूस पुन्हा नाही म्हणायचा. त्यापेक्षा न विचारता काही दिवस ती आहे असं धरून चालावं, असं वाटलं. वैष्णवीनं बळजबरी केली नाही. रोज कामावरून आली की माझ्याजवळ बसायची आणि ह्यांचं काहीतरी विचारायची. बाबा तुला काय म्हणून हाक मारायचे? मी म्हटलं, "ऐकलं का?" आणि तू त्यांना? मी म्हटलं, मीपण "ऐकलं का?" ती म्हणाली, मग दोघांपैकी ऐकायचं कोणी? दोन वर्षं ती बापाचं काही बोलत नव्हती. मला वाटायचं, पोरगी लांब गेली, विसरली. तुम्ही लिहिलं होतं ते खरं होतं. तिला बोलायला कोणी नव्हतं आणि मी इथं येऊन नुसती पुस्तकं वाचत होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नवा चश्मा आला. दसऱ्याला सकाळी मीच म्हटलं, चल.

दाढीवाल्यानं आम्हाला ओळखलं. वैष्णवीनं नाव सांगितलं. तो आत गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तो हात मागं धरून. म्हणाला, पासपोर्ट दाखवा. पासपोर्टावर छाया. त्यानं मान हलवली. वैष्णवी समजावायला लागली, लग्नात आमच्याकडं बाईचं नाव बदलतात. तो म्हणाला, आडनाव बदलतात, ते आमच्याकडंही होतं. ती म्हणाली, आडनाव तर बदलतातच, पण आधीचं नावही. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग एक कोरा कागद पुढं केला आणि म्हणाला, वस्तूवर जे आहे ते यांना लिहायला सांगा, आणि आत काय आहे ते सांगू द्या.

आतलं सांगणं सोपं होतं. चश्मा, डाव्या काडीला तांब्याची तार, खाली पिवळ्या काठाचा रुमाल. मग लिहायला घेतलं. ठ काढताना मी चुकते की काय असं वाटलं. लिहिलं. त्यानं तो कागद मागं कशाशी तरी धरून, अक्षरावरून अक्षरावर बोट नेत ताडून बघितला. त्याला आपली अक्षरं येत नाहीत, पण आकार तर डोळ्यांना दिसतात. मग म्हणाला, बसा, कागद तयार करतो.

आम्ही बाकावर बसलो. आणखी दोन बाया आपापली वाट बघत होत्या. थोड्या वेळानं आतलं दार उघडलं आणि त्यानं हातातल्या चिठ्ठीवरून मोठ्यानं हाक मारली, "थामा लाहानू."

दोन्ही नावं एका दमात, नवसाबाई. माझं आणि ह्यांचं. मी ह्यांचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही, त्यांनी माझं तेवढंही घेतलं नाही, आणि तो परका माणूस दारात उभा राहून दोघांना बोलावत होता.

मी ओ दिली. मराठीतच. बाकावरच्या बाया बघायला लागल्या.

डबा होता तसा आहे. एका बाजूची कडी थोडी वाकली आहे. तो कोणीतरी मराठी वाचणाऱ्यानं ट्राममध्ये उचलून कचेरीत दिला होता आणि वरचं नाव इंग्रजी अक्षरांत लिहून सोबत ठेवलं होतं. त्यांनी लहानू हे आडनाव धरलं. म्हणून डबा इतके दिवस ह्यांच्याच नावाच्या कप्प्यात होता आणि आम्ही पिंगळ्यांत शोधत होतो.

तिथंच उघडला. चश्मा धड होता. डोळ्यांवर चढवला, तार टोचली. मग डबा उजेडाला धरला आणि नाव वाचायला गेले, तर वाचता येईना. ठिपके एकात एक मिसळत होते. मी डबा लांब धरला, जवळ आणला. वैष्णवी म्हणाली, आई, तुझा लाव. मी नवा लावला. एकेक ठिपका वेगळा दिसला. ठमा लहानू. ठ जरा वाकडा आहे. मी कागदावर काढला तोही वाकडाच होता.

म्हणजे ह्यांनी लिहिलेलं वाचायला मला माझा चश्मा लागला. मी किती वेळ तशीच उभी होते, ते वैष्णवीला विचारा.

ती म्हणाली, बाबांच्या फ्रेममध्ये तुझ्या नंबरच्या काचा बसवून घेऊ. मी नको म्हटलं. त्यांच्या काचा त्यांच्या नंबरच्या राहू देत. तो चश्मा डब्यात राहील आणि मी माझ्यानं वाचेन. मला अजून खूप वाचायचं आहे, आणि आता स्पष्ट दिसतं. हे पत्र बघा, अक्षर किती बारीक आलंय.

घरी येताना वैष्णवीनं विचारलं, तुला छाया नाव आवडत नव्हतं का? मी म्हटलं, आवडतं की. त्याच नावानं संसार केला, त्यानं मला कधी दुखवलं नाही. आधी एक नाव होतं, एवढंच. ते ह्यांनी टाकून दिलं नाही. मग म्हणाली, मी कधी कधी तुला त्या नावानं हाक मारू का? मी म्हटलं, तू आई म्हण. तुला दुसरं कुठलं नाव शोभत नाही.

पण तुम्ही मला थोरल्या. मी नवरी होऊन आले तेव्हापासून तुम्हाला ते नाव ठाऊक होतं. मी दिवाळीआधी येते. आले की दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात असेन. तुम्ही बांधावर उभ्या राहून मला एकदा त्या नावानं हाक मारा, मोठ्यानं, भागीबाईंना ऐकू गेलं तरी चालेल. मी ओ दिलेली तुम्हाला ऐकू येणार नाही. पण मी देईन.

तुमची जाऊ